पांढऱ्या कणसातले पिवळे दाणे आणि त्यांची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, मक्याच्या गिरणीचा मालक, गिरणीच्या वरच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीवर, कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला जे नातेवाईक आले होते त्यांना चहा पाजून परत पाठवले आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला. ते कानाचे डॉक्टर, त्यामुळे त्यांनी एक वाक्य जास्तीचे घातले, की या गृहस्थांना वयाच्या मानाने फार ऐकू येते. वकीलबाईंनी ते खोडायला सांगितले होते. मी राहू दिले. माझे निम्मे भांडवल तेच आहे.

यापूर्वीचे माझे कुठलेही मृत्युपत्र रद्द समजावे. धाकट्यावर रागावून एक केले होते, ते रद्द तर समजावेच, शिवाय सापडल्यास वाचू नये.

कलम १. कारण. घर आणि गिरणी यांची वाटणी तोंडी सांगितली असती तरी चालले असते. अडचण दाव्याची आहे. माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा मक्यावरून दावा चालू आहे, आणि त्याचा माझ्यावर उलटदावा आहे. माझी समजूत होती, मी गेलो की दावाही गेला. वकीलबाई म्हणाल्या, "काका, असं नसतं. तुमच्या जागी तुमची मुलगी उभी राहील आणि त्यांच्या जागी त्यांची." या दोघी चुलत बहिणी एकाच स्कूटरवरून कामाला जातात आणि एकमेकींचे डबे न विचारता उघडतात. त्या कोर्टात समोरासमोर उभ्या राहणार आणि सुटल्यावर त्याच स्कूटरवरून घरी येणार. पेट्रोल कोणी भरायचे यावरून तिसरा दावा होईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम २. घर, अंगण आणि त्यातली विहीर आमच्या मंडळींना. स्वयंपाकघर तसेही माझे कधीच नव्हते. माझी आरामखुर्ची तिला पहिल्यापासून खुपते. ती तिने लगेच बाहेर काढू नये. भेटायला येणाऱ्यांना दाखवण्यापुरती ठेवावी, मग काय करायचे ते करावे.

कलम ३. गिरणी, दोन्ही जाती, चाळण्या, पाकिटे शिवायचे यंत्र आणि गोदाम मुलीला. अंगणातली हातगाडीही तिचीच, पण ती विकू नये. त्या गाडीवर मी कणसे भाजून विकत असे. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या शेतात, त्यामुळे धाकट्याला सांभाळायला दुसरी जागा नव्हती. त्याला गाडीच्या खालच्या फळीवर बसवीत असे. मी भाजायचो आणि तो ओरडायचा, "पांढरं कणीस, गोड कणीस." गिऱ्हाईक त्याच्या आवाजाला येई. पुढे गिरणी झाली तेव्हा लोक म्हणाले, मोठ्याने स्वतःच्या जोरावर केले. मी ते खोडून काढले नाही. ऐकायला बरे वाटत होते.

मुलीला एकच अट. पाकिटावर जे छापले असेल ते आतल्या पिठाला लागू असले पाहिजे. मालाचे पोते उघडले की चिमूटभर दळून पाण्यात कालवायचे आणि कंपनीच्या बियाण्याचा अंश दाखवणारी तपासणीची पट्टी त्यात बुडवून पाहायची, माल काकांकडचा असो की परक्याचा. "ओळखीचा आहे, चालेल" हे वाक्य गिरणीत उच्चारायचे नाही.

कलम ४. दाव्याची हकीकत, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचा मका पांढरा, आईने जपलेल्या बियाण्याचा. पाकिटावर आम्ही छापत असू, "बियाण्यात जनुकीय बदल नाही". बांधापलीकडे धाकट्याचे शेत. त्याने कंपनीचे नवे पिवळे बियाणे पेरले, ज्यात अळीला नको असलेला गुण प्रयोगशाळेत घातलेला असतो. अळी पडेना, फवारणी वाचली, त्याचे बरे चालले. मला त्यात काही म्हणायचे नव्हते. पण मक्याचा पराग वाऱ्याबरोबर कुठेही जातो. त्या हंगामात मी बांधावर बसून एक कणीस सोलले, तर पांढऱ्या ओळींत मधेच पिवळे दाणे, कोणी चुकून दुसऱ्याचे दात बसवावेत तसे.

पुढे सगळे एकदम झाले. अन्नसुरक्षा कार्यालयाच्या तपासनिसाने नमुना नेला, त्यात कंपनीचा गुण सापडला, आणि खोटा मजकूर छापल्याबद्दल गोदामाला सील लागले. त्याच आठवड्यात कंपनीची नोटीस आली, की आमचे बियाणे तुमच्या शेतात विनापरवाना उगवले आहे, त्याच्या हक्काचे पैसे भरा. म्हणजे जो माल माझ्या शेतात नको म्हणून मी बोंबलत होतो, तोच मी चोरला असे ठरले. मंडळी म्हणाली, "वाऱ्यालाही नोटीस पाठवली असेल ना हो?"

ती नोटीस वकीलबाईंनी कोर्टात मोडून काढली. सील निघाले. मी कंपनीवर उलट दावा लावला, आणि शेत धाकट्याचे म्हणून त्याचेही नाव त्यात घालावे लागले. समन्स घेऊन माणूस त्याच्याकडे गेला तेव्हा तो जेवत होता. तो म्हणाला, "दादा पायी चार पावलं चालत आला असता, तर त्यालाही वाढलं असतं." त्यानंतर त्याने माझ्यावर उलटदावा लावला आणि आमचे बोलणे बंद झाले.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहितो, कारण माझ्या नावावर भलतेच खपवले गेले आहे. धाकट्याचा मका विषारी आहे असे मी कधीही, कुठेही म्हटलेले नाही. बोलणे बंद होण्याआधी मी त्याच्याकडे त्याच मक्याचे पोटभर खाल्ले आहे आणि मृत्युपत्र लिहायला शिल्लक आहे. माझे म्हणणे एवढेच, की खाणाऱ्याला काय खातोय ते कळावे, आणि छापणाऱ्याला खरे छापता यावे.

कलम ५. जुने हिशेब. कंपनीच्या वकिलांचे बूट करकरतात. कोर्टाच्या लांब व्हरांड्यात ते अशिलाशी खासगी बोलायला गेले की मला बुटांवरून ते कुठे थांबले ते कळे आणि पुढचे आपोआप ऐकू येई. या उपकाराबद्दल त्यांना शिवणयंत्राच्या तेलाची एक बाटली द्यावी. दावा संपल्यावर द्यावी, आधी नको.

अन्नसुरक्षा कार्यालयाच्या दारातल्या बाकाला चौथा पाय नाही. मी सील काढायच्या खेपा घालताना त्या बाकावर तोल सांभाळायला शिकलो. माझ्या खर्चाने पाय बसवून द्यावा. तपासनिसावर माझा राग नाही. त्याने नमुना घेतला, तपासला, निघाले ते लिहिले. असे काम सगळीकडे झाले असते तर मला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

कलम ६. कंपनीवरचा दावा मुलीने चालू ठेवावा. प्रश्न साधा आहे. शेजारी शेजारी दोन तऱ्हेचे पीक असेल, तर ते वेगळे राखायचा खर्च कोणाचा? आज तो ज्याने काहीच बदलले नाही त्याच्या माथी आहे: तपासणीच्या पट्ट्या मी विकत घ्यायच्या, बांधालगत रिकामी जमीन मी सोडायची, सील माझ्या गोदामाला. बदल विकणाऱ्याने यातले काहीतरी उचलावे. निकाल विरुद्ध लागला तर लागू दे, पण प्रश्न नीट विचारला गेला पाहिजे. पुतणीने यात मदत करावी. कंपनीचे बियाणे तिच्या घरातलेच, त्यामुळे त्याचे बारकावे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतात.

कलम ७. धाकट्यावरचा दावा मी आजच मागे घेत आहे. अर्ज सोबत जोडला आहे. कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोर्टाने मधल्या काळात हुकूम दिला, की दोघांच्या पेरणीत तीन आठवड्यांचे अंतर ठेवा, म्हणजे एकाच्या मक्याला तुरे येतील तेव्हा दुसऱ्याचे वाळलेले असतील. आधी कोणी पेरायचे ते "पक्षकारांनी आपसात ठरवावे". जज्जसाहेब विद्वान, पण त्यांना धाकटा भाऊ नसावा.

त्या वर्षी त्याच्या बायकोचे ऑपरेशन ठरले होते. मी मनाशी म्हटले, त्याचे पीक आधी निघू दे, हातात काही येईल. मी थांबलो. मंडळी रोज विचारी, "सगळ्यांचं उगवून आलं, तुम्ही कोणाची वाट बघताय?" मी सांगितले नाही. आणि आमच्या घराण्याची रीत अशी, की बोलणे बंद म्हणजे बघणेही बंद. बांधावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवून जात असे, तोही तसाच. मुलींना तर घरात मक्याचे नाव काढायचीच मनाई होती. त्यामुळे पलीकडचे शेतही तसेच कोरे पडले आहे हे मला दिसले नाही. तोही थांबला होता. शेवटी समोरच्याचे पेरून झाले असेल असे धरून दोघांनी एकाच सुमारास पेरले.

दोन्हीकडे तुरे एकाच आठवड्यात आले. कणसे सोलली तर पूर्वीपेक्षा जास्त पिवळी. मग दोघांचेही अर्ज कोर्टात गेले, की समोरच्याने द्वेषबुद्धीने, जाणूनबुजून पेरणी लांबवली. दोन्ही अर्जांत वाक्य तेच, शब्दही तेच.

मी वकीलबाईंना खरे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "काका, हे मनातच ठेवा. त्यांच्यासाठी थांबलो म्हणालात, तर जज्ज विचारतील, मग दावा कशाला?"

तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या कँटीनमध्ये बसलो होतो. मधे प्लायवुडची आडभिंत. पलीकडे धाकटा त्याच्या वकिलाशी बोलत होता, अगदी खालच्या आवाजात. पण तो आवाज मी गाडीच्या खालच्या फळीवरून ऐकत आलो आहे.

"साहेब, द्वेष कसला? दादाचं बी आईचं आहे. ते आधी पेरलं जावं म्हणून मी थांबलो."

वकील म्हणाला, "हे पुन्हा कुठं बोलू नका. केस कमजोर होईल."

"मग काय बोलू?"

"काहीच नाही."

"तेच तर करतोय इतकी वर्षं."

मी कँटीनवाल्याला सांगून आडभिंतीपलीकडे एक चहा पाठवला. कोणी पाठवला ते सांगू नको म्हटले. थोड्या वेळाने कप रिकामा परत आला, निरोपासकट. "त्यांना म्हणावं, साखर कमी आहे."

एवढे होऊनही आम्ही दोघे बोललो नाही. आधी कोणी बोलायचे ते पक्षकारांनी आपसात ठरवायचे होते. तर आता या कागदावर मी आधी पेरतो. धाकट्या, मीही तुझ्यासाठीच थांबलो होतो.

त्याच्या उलटदाव्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. दुसऱ्याचा दावा मृत्युपत्राने मागे घेता येत नाही, हे मी दोनदा विचारून घेतले आहे.

कलम ८. बांधालगतचा पट्टा, जो दोन मक्यांमध्ये अंतर राहावे म्हणून मी रिकामा ठेवला आहे, तो धाकट्या भावाला. त्यात मका सोडून काहीही पेरावे. सूर्यफूल चांगले वाढेल.

कलम ९. आईचे बियाणे निम्मे माझ्या घरी आणि निम्मे धाकट्याच्या घरी ठेवावे, दोन्ही मुलींच्या ताब्यात. एकीकडचे किडले, भिजले किंवा पिवळे झाले, तर दुसरीकडे मागायला जावेच लागेल. मागायला जायचे असले की माणूस बोलणे बंद करताना जरा विचार करतो.

कलम १०. बँकेत जे आहे त्यातून आधी कलम पाच आणि सहाचा खर्च, उरले ते मंडळींना. कँटीनवाल्याला साखरेचे एक पोते.

कलम ११. हे कलम वेगळ्या पानावर आहे आणि वकीलबाईंनी ते साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर वाचायचे आहे.

सह्यांच्या दिवशी आमच्या वकीलबाई हे मृत्युपत्र माझ्यादेखतच वाचून दाखवायला धाकट्याला गिरणीत बोलावतील. तो येईल, कारण गिरणीत नवीन काय आणले आहे ते त्याला बघायचे असेल. कलम सात ऐकून तो खिडकीबाहेर बघेल. कलम आठ ऐकून म्हणेल, "मला त्याचं काही नको." मग वकीलबाई सहज म्हणतील, की कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि एका साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे. त्यावर तो म्हणेल, "मग आणा पेन इकडे." मी त्याला लहानाचा मोठा केला आहे.

तेव्हा कलम आठ साक्षीदारामुळे रद्द झाल्यास, तो पट्टा पुतणीला मिळावा. बापाला नको होता, तिला हवा आहे. सूर्यफुलाचे बियाणे तिने आधीच आणून ठेवले आहे, हे मी स्कूटर दारात लागताना दोघींच्या बोलण्यात ऐकले.

पट्टा कोणालाही सरळ देता आला असता. पण इतकी वर्षे आम्हा दोघांची नावे ज्या ज्या कागदावर आली, त्या प्रत्येकावर मधे "विरुद्ध" असे छापलेले होते. एक तरी कागद असा असावा की त्यावर दोघांच्या सह्या आहेत आणि मधे काही नाही. तेवढ्यासाठी मी हे मृत्युपत्र केले.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले, पटले, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: गिरणीच्या वरची खोली. जाते चालू होते.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच.

सही: गिरणीवाला

साक्षीदार पहिले: कानाचे डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. तेव्हा खालच्या मजल्यावर जाते फिरवणारा यंत्राचा पट्टा सैल झाल्याचे त्यांनी ऐकून सांगितले. मला काही ऐकू आले नाही.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. माझ्यासमोर सही केली. कलम अकरा माझी सही झाल्यावर वाचले गेले. फसवणूक म्हणून यावर दावा लावता येईल का, असे वकीलबाईंना विचारले. नाही म्हणाल्या. सही कायम ठेवतो. उलटदावा मागे घ्यायचा अर्ज सोमवारी देतो. दादाच्या हुशारीला माझी हरकत नाही, पण साखर खरंच कमी होती.