पाकीट फोडण्याआधी केलेली वाटणी

मी, एस्तेर थॉमस साळवे, राहणार सोनई, तालुका नेवासा, वय बहात्तर किंवा चौऱ्याहत्तर (वडिलांना आठवलं ते शाळेत लावलं), शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी आज दुपारी तीन वाजता ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. उलट घरचे म्हणतात लिहू नको.

घाई एवढ्यासाठी की रिपोर्ट आला आहे. लघवीतून रक्त गेलं म्हणून नगरच्या डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीत दुर्बीण घालून बघितलं. आत गाठ दिसली, तिचा तुकडा तपासायला पाठवला. मी विचारलं, "कॅन्सर हाय का?" ते म्हणाले, "आजी, असेल किंवा नसेल." एवढं तर मीही सांगितलं असतं. रिपोर्ट मोबाईलवर टाकतो म्हणाले. मी म्हटलं, नको, माझ्याआधी गाव वाचील. तर आज गावातला अजिनाथ कांद्याचा टेम्पो नगरला खाली करून येताना बंद पाकीट घेऊन आला. ते मिठाच्या बरणीखाली ठेवलं आहे. नेवाशाला कोर्टापुढे अर्ज लिहिणारे काकासाहेब सांगतात, मृत्युपत्र बुद्धी स्थिर असताना करावं. पाकीट फोडल्यावर ती कशी राहील याची हमी मी देत नाही. म्हणून आधी हे.

एक. दोन खोल्या आणि पडवी मुलगा जस्टिन याला. अट अशी की संडास घरात घ्यावा. माझ्या मालकांनी, म्हणजे थॉमसने, अख्ख्या सोनईची घरं बांधली आणि स्वतःचा संडास परसात शेवग्याखाली. दिवसातून बारा वेळा छत्री घेऊन जावं लागतं. गवंडी माणूस, पण बायकोच्या पिशवीचा विचार केला नाही.

दोन. त्यांचा ओळंबा, थापी आणि लाकडी पट्टी नात एंजेला हिला. ती इंजिनीअरिंगला आहे, भिंत सरळ आहे का हे मोबाईलवर बघते. तिने एकदा ओळंबा सोडूनही बघावं. पोस्टातलं बचतीचं पुस्तकही तिलाच.

तुकडा तपासायला गेल्यापासूनचे हे बारा दिवस, खरं सांगते, लई मजेत गेले. नाताळशिवाय न येणारा जस्टिन तीनदा आला. सून विचारून विचारून भाजी करते. एंजेला कॉलेज बुडवून माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "आजी, भीती वाटती का गं?" मी म्हटलं, "न्हाई." ते खोटं होतं. मृत्युपत्रात खोटं राहू नये म्हणून नोंद करते.

तीन. सात कोंबड्या आणि खुराडा नणंद दीना हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानतात तेव्हा, मी माझी चंदेरी कोंबडी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, अर्पण केली. उपासनेनंतर लिलाव होतो, तेव्हा आपली कोंबडी आपण बोली लावून घरी आणायची, असं मी दरवर्षी करते. त्या वर्षी दीनाने बोली चढवत नेली आणि जिंकली. संध्याकाळी मला वाटीभर रस्सा पाठवला! अंड्यावर आलेली कोंबडी! वाटी मी तशीच परत केली. तेव्हापासून बोलणं बंद.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांच्या हातात कागद उलटे गेले आणि आजाऱ्यांच्या यादीतलं माझं नाव मयतांच्या यादीत वाचलं गेलं. दीनाच्या गावी, कोल्हारला, फोन गेला. दीना पांढरं लुगडं नेसून, मयताच्या घरी नेतात तसं पिठलं-भाकरी बांधून एसटीने आली. मी नळावर हंडा भरत होते.

"अगं बया, तू जित्ती हायस?"

"व्हय. पिठलं आणलंस का?"

ती हंड्यावर डोकं टेकून रडली. तेव्हापासून इथेच आहे. मी पिठलं खाल्लं. मीठ कमी होतं, पण तिला सांगितलं नाही. आता लिहिलं, म्हणजे कळेलच.

कलम तीन रद्द. साक्षीला दीनाच होती, पण आत्ता काकासाहेबांचा फोन आला, जो साक्षीची सही करतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. दीनाला विचारलं, कोंबड्या घेतीस का सही करतीस? म्हणाली, "सही करते. कोंबड्या तुझ्या तूच सांभाळ, लई वर्षं." तर कोंबड्या माझ्याकडेच राहतील.

स्थळ : सोनई, जि. अहिल्यानगर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : एस्तेर थॉमस साळवे

साक्षीदार : १) दीना साळवे, निवृत्त शिक्षिका, कोल्हार
२) अजिनाथ, टेम्पोवाले, सोनई (यांना काही मिळत नाही, चहा मिळाला)

खाली जागा उरली म्हणून लिहिते. रिपोर्ट इंग्रजीत असणार आणि आत्ता घरात आहेत त्यांत इंग्रजी दीनालाच येतं. बरणी उचलली आहे. दीना, फोड. मी चष्मा लावते. कागद तू वाच, मी तुझं तोंड वाचते.