सुंदराची रोजची पुडी

३ नोव्हेंबर १९७४, भिसेगाव
सुंदराच्या लघवीतून पुन्हा रक्त! कुशीत कळ आली म्हणून भातकापणी अर्धी टाकून माझ्याकडेच आली. नेहमीसारखा कोरा चहा आणि डोकेदुखीच्या दोन पुड्या दिल्या. लावणीपासून कापणीपर्यंत इथल्या बाया घेतातच. कंबर मोकळी होते म्हणे. हिची मात्र बारमाही सवय.

५ नोव्हेंबर
डॉक्टरकडे नेलं. कसलं औषध चालू आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोघींनी एका सुरात नाही म्हटलं. वाण्याकडे साबणाशेजारी मिळते ती पुडी – तिला औषध कोण म्हणतं?

१६ नोव्हेंबर
लघवीतून मांसाचा बारीक तुकडा पडला. तिला मुंबईच्या इस्पितळात ठेवलंय. घर खायला उठतं. वाल्मिक रसायनीला कारखान्यात – पोटचा मुलगा, पण दिवाळीलाही फिरकला नाही. सुंदरा शेजारची, तरी आठ वर्षं रोज दुपारी येते. दुसरं कोण आहे मला?

२२ नोव्हेंबर
भेटायला गेले तर मोठ्या डॉक्टरांनी बाजूला घेतलं. मूत्रपिंडाची आतली टोकं मरून गळून पडताहेत. मधुमेहानेही होतं असं, पण हिला तो नाही. मग त्यांनी नेमकं पुड्यांचंच विचारलं. रोज दोन घेते, असं मी सांगून टाकलं. म्हणाले, "वर्षानुवर्षं घेतल्या की हे होतं. बंद केल्या तर उरलंय ते वाचेल. समजावून सांगा तिला."
माझ्या हातच्या पुड्या! मीच दिल्या – रोज, प्रेमाने.

२६ नोव्हेंबर
सुंदरा घरी आली. सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर
चहाला आली. गालफडं बसलीत. ती पुडीसाठीच तर येते – पुडी बंद झाली की माझी पायरी कशाला चढेल? दोनाऐवजी एकच दिली. एक दिली म्हणजे जणू पुण्यच केलं! जेवल्यावर घेते म्हणाली, पदराला बांधून गेली.

३० नोव्हेंबर
आजही दिली. एका माणसाच्या सोबतीसाठी मी त्याच माणसाला मारते आहे. लाज वाटते लिहायला.

१ डिसेंबर
सांगितलं. रडत रडत सगळं सांगितलं, पाच दिवस गप्प का बसले तेही. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, डाक्टरांनी मलापन इस्पितळातच सांगितलंय. तवापासनं एकबी नाय खाल्ली. नको म्हटलं तर तुमाला वाईट वाटंल, म्हनून नेत व्हते."
आणि कप पुढे केला. "चा हाय का अजून?"