कपाटावरचा डबा

चिरंजीव,

आईचा पलंग रिकामा दिसला तर घाबरू नकोस. आम्ही दोघं खाली बागेत आहोत. शेजारच्यांना हाक मारली नाही. मीच तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

तू चार दिवस जिमला जाऊन जो प्रोटीनचा डबा कपाटावर टाकलास, तो तीन महिन्यांपूर्वी मी खाली काढला. तुला विचारलं नाही, हे चुकलंच. पण आईचा व्यायाम घ्यायला येतात त्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "घ्या काका, पण नुसती पावडर पिऊन दंड भरत नाहीत, वजनही उचलावं लागतं." मग तू कामावर गेलास की शिलाई मशीनचं डोकं टेबलापासून सोडवायचं, दहा वेळा उचलायचं आणि वर दुधातून एक चमचा. शिंप्याने जन्मभर सुईच उचललेली. पहिला आठवडा चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता.

आज खुर्चीत बसल्यावर आई म्हणाली, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, आज सुचलं होय उचलायला?" पण हसत होती.

तेव्हा उद्यापासून दुपारी काम टाकून धावत येऊ नकोस. आणि चादर बदलताना तुझ्या गादीखाली बढतीचं पत्र सापडलं. लांबच्या गावी जावं लागणार म्हणून नाही म्हणणार होतास ना? साहेबांना हो सांग.

डबा संपत आलाय. जायच्या आधी नवा तेवढा आणून ठेव. चॉकलेटचा नको.

बाबा