तक्त्याखालची टीप

अण्णा, काल शेजारच्यांनी त्यांची नवी फिरती गाडी दाखवायला बोलावलं होतं. कारमागे ओढायची, आत पलंग, ओटा, पंखा, सगळं बारा व्होल्टच्या बॅटरीवर. त्यांनी कौतुकाने एक फळी काढून आतल्या वायरी दाखवल्या आणि मला तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. कदाचित नव्या रबराचाही असेल. चहा न घेता मी घरी आले. म्हातारीला ऊन लागलं, असं म्हणाले असतील. ऊन नव्हतं, शिसारी होती, आणि ती गाडीची नव्हती.

धर्मादाय ट्रस्टच्या शेठजींचा तो फिरता दवाखाना. मी तेव्हा नववीत. आग्रा रोडवरच्या आपल्या दुकानासमोर प्लायवूडची ती लांबुडकी गाडी उभी होती. जीपमागे जोडून ती कळवणकडच्या खेड्यांत न्यायची होती. आत दिवे, पंखा आणि इंजेक्शनच्या सुया उकळायचं बॅटरीवरचं भांडं बसवायचं होतं. तुमचा हात ट्रकच्या वायरिंगवर बसलेला. तिथे एकच वायर न्यायची, वीज बॅटरीकडे परत न्यायचं काम गाडीचं लोखंड करतं. इथे सगळं लाकूड, म्हणजे परतीचीही वायरच ओढायची. शेठजींनी कुठल्याशा परदेशी गाडीचं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. किती फुटांना किती जाड वायर, याचा त्यात तक्ता होता. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही ते पुस्तक सदऱ्याला पुसून माझ्यापुढे ठेवताय. "वाचा मॅडम. नन लोकांनी काय शिकवलंय ते कळू दे."

"तिला विचारताय? तिला समोरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही," आई म्हणते.

"ते मराठी दूध. इंग्रजी असतं तर दिसलं असतं."

मी वाचलं. बॅटरीपासून भांड्यापर्यंत वीस फूट, म्हणून विसाच्या समोरचा आकडा सांगितला. तक्त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळींची टीप होती. तुम्ही तिच्यावर बोट ठेवलंत. "आणि हे काय?" मला ती कळली नव्हती. कळली नाही एवढे दोन शब्द तुमच्यासमोर माझ्या तोंडून निघेनात. "ते काही नाही, कंपनीची जाहिरात आहे," मी म्हणाले. जाण्याची आणि परतीची लांबी मिळून मोजा, असं तिथे लिहिलं होतं, म्हणजे वीस नव्हे, चाळीस फूट, आणि वायरही तेवढी जाड. दुसऱ्या दिवशी वायर बोटांत फिरवत तुम्ही म्हणालात, "बारीक वाटते गं. बारा व्होल्ट माणसाला चावत नाही, पण बारीक वायरीला भाजून काढतं." "पुस्तकात तेच दिलंय," मी म्हणाले, आमच्या शाळेत शिपायांशी बोलायच्या त्या आवाजात. आणि तुम्ही स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलात.

पहिल्या दिवशी गाडीबरोबर तुम्ही मलाही नेलंत, कारण पुस्तक मी वाचलं होतं. गावाबाहेर झाडाखाली रांग लागली. सुयांचं भांडं लावून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच आतून वास आणि मग फळीमागून धूर. वायरीवरचं प्लास्टिक वितळून ठिबकत होतं. ती वायर ओढून काढताना नर्सबाईंची बोटं भाजली. रांगेतली एक बाई पोराला मागे खेचत म्हणाली, "लय वास येतोय बाई. नाय नेत मी त्याला आत." शेठजी पानाची पिंक टाकून तुमच्याजवळ आले. "बारा व्होल्टचं काम जमत नाही? मग सायकलचा दिवा तरी लावता येतो का?" लोक हसले. तुम्ही म्हणालात, "माप माझं चुकलं." माझ्याकडे पाहिलंही नाहीत. पुस्तक माझ्या छातीशी होतं. ते बघून शेठजींनी इंग्रजीत विचारलं, कुठल्या शाळेत आहेस, आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. हसून दिलं, अण्णा. "मुलगी मात्र हुशार आहे हं," ते म्हणाले. पिंकेने लाल झालेल्या त्या दातांची मला अजून किळस येते. पण त्या दातांकडे बघून हसणाऱ्या मुलीची जास्त येते.

ते काम दुसऱ्याकडे गेलं. ड्रायव्हर लोक दुकानासमोर गाडी थांबवून ओरडायचे, "अण्णा, वायरिंग करायचंय, बंब बोलावू का?" तुम्ही मान खाली घालून स्क्रू पिळत राहायचात. ज्या हातावर ट्रकवाले डोळे मिटून गाडी सोपवत, त्या हाताचं हसं झालं, आणि मी शाळेत निबंधाला बक्षीस घेत होते.

महिन्याभराने तुम्ही आणखी एक पुस्तक आणलंत. "वाचा मॅडम." मी वाचलं. त्यातलीही एक ओळ मला कळली नव्हती, तेव्हाही मी ती गाळली. तुम्ही मन लावून ऐकलंत, मान डोलावलीत, आणि मी सांगितलेल्या मापापेक्षा जाड वायर घेऊन आलात. ती दुकानात टेबलावर ठेवलेली मी पाहिली. त्या टिपेसकट तुम्हाला सगळं ठाऊक आहे, हे मला त्या क्षणी कळलं. आता हे लिहून मी कपाटात ठेवणार आहे, पण लाज वाटली असं त्यात लिहिलं तर ते खोटं होईल. लाज पुढे कधीतरी वाटली. त्या दिवशी मला फक्त हायसं वाटलं, की आता सांगायला नको.