चौकातले मासे पुसण्यास नकार

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते व वाहतूक विभाग.

विषय: शाळेजवळील चौकातले रंगकाम सात दिवसांत काढून टाकण्याच्या आदेशास हरकत.
संदर्भ: अर्जदाराच्या दुकानाच्या शटरवर डकवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार एकतीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरतो. नोटिशीत त्यास 'अज्ञात विद्रूपक' म्हटले आहे. ज्या शटरवर आपल्या शिपायाने ती चिकटवली, त्यावर 'पेंटर' असे वीतभर अक्षरांत लिहिलेले आहे. तरी अज्ञात!

२. सदर चौकात तीन वर्षांत दोन जीव गेले, एक पेपरवाला आणि एक शाळेतल्या बाई. त्यानंतर एक टेम्पो अर्जदाराच्या पत्नीच्या अंगावर आला. ती वाचली, पण गुडघा कायमचा आखडला. पलीकडच्या शिलाईच्या दुकानात ती आजही कामाला जाते. चौक ओलांडायला तिला पाऊण मिनिट लागते.

३. झेब्रा पट्टे व गतिरोधक मिळावेत म्हणून अर्जदाराने अकरा अर्ज दिले. अखेर उभयता आपल्या कार्यालयात आले असता तेथील कारकुनाने रजिस्टर उघडून खुलासा केला, "काका, धोकादायक चौकांच्या यादीत यायला तीन मयत लागतात. तुमच्या मिसेस वाचल्या ना, तिथंच फाइल अडकली." पत्नी समोरच्याच बाकावर बसली होती, महोदय. अर्जदाराचे डोके त्या दिवशी जे फिरले ते अजून ठिकाणावर आलेले नाही. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "सगळ्या गावाच्या पाट्या रंगवता. मग हे ब्रश काय शोभेला ठेवलेत?"

४. त्यावरून पुढच्याच रविवारी अर्जदाराने चौकाच्या चारही तोंडांना आ वासलेले मासे काढले. त्यांच्या काट्यांचे पांढरे पट्टे, म्हणजे चालणाऱ्यांची वाट. रंग शेजाऱ्यांकडे उरलेले, कुणाच्या दाराचा हिरवा तर दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीचा गुलाबी. ओल्यात पाय घसरू नये म्हणून रंगात चाळलेली वाळू मिसळली. असला विचार विभागाने आजवर एकाही रस्त्याचा केलेला नाही.

५. तेव्हापासून आठ महिन्यांत तेथे कुणाला साधे खरचटलेलेही नाही. आता नोटिशीतली कारणे पाहावीत. (अ) चित्रे पाहून चालक गाड्या हळू करतात, त्यामुळे वाहतूक खोळंबते. (आ) आठ महिन्यांत अपघात नाही, अर्थात चौक धोकादायक नाही, सबब चित्रांची गरज नाही. हे लिहिणाऱ्याने लिहून झाल्यावर एकदा तरी वाचले होते काय? गाड्या हळू व्हाव्यात म्हणूनच मासे काढले, हे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. कदाचित झाल्यामुळेच कळत नसावे.

६. मासे अर्जदाराने स्वहस्ते काळे करावेत असा आदेश आहे. ते होणार नाही. दंड करा, दुकानाला टाळे ठोका. बायकोसाठी काढलेली वाट अर्जदार पुसणार नाही.

७. पत्नीचे म्हणणे तिच्याच शब्दांत नोंदवीत आहे: "साहेब, डांबर ओतायचंच असेल तर ओता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळ्यात आधी रस्ता तुम्ही ओलांडा. माझी काठी घेऊन, एक गुडघा न वाकवता. मी फुटपाथवर उभी राहून बघते. पलीकडं पोचलात, तर माझी तक्रार मागं घेते. नाही पोचलात, तर तुमचे तीन पुरे होतील."

आपला,
नम्रता संपत आलेला,
(सही) पेंटर
दिनांक: मुदतीचा पाचवा दिवस

सोबत: आपली नोटीस, परत.