तासाला एक फोटो

३ जुलै
कॅप्टनने विचारलं! मला! अख्ख्या दहावीत मलाच! अकरावीतला, शाळेच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन— आणि मी गणितात काठावर पास होणारी. लगेच हो म्हणून टाकलं. जरा भाव खायला हवा होता का? जाऊ दे!

६ जुलै
आमच्याकडे याला 'हजेरी' म्हणतात. दर तासाला त्याला फोटो पाठवायचा, आपण कुठे आहोत ते दिसेल असा. हजेरी लागते ती खरी जोडी, बाकीचे नुसते टाइमपास. माझ्या बाकावरची मैत्रीण— तिला सगळे बटाटाच म्हणतात— म्हणाली, "नशीबवान आहेस गं! मी मेली कुठे आहे ते कुत्रंही विचारत नाही." मी तर हवेतच!

११ जुलै
हजेरी सात मिनिटं चुकली. त्याने जिन्यात मनगट आवळलं. जाम दुखलं. पण किती जीव लावतो! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

१४ जुलै
म्हणतो, रिले सोड, मैदानावर पोरं बघतात. शेवटचा टप्पा मी धावते! बाकी काहीही माग रे बाबा. त्याला सांगितलं, रिले सोडली. सोडली नाही.

१५ जुलै
आमचं डोकं म्हणजे डोकं! मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसून बटाटाने माझे दहा फोटो काढले. केस मोकळे, केस बांधलेले, पेन तोंडात, चेहरा अगदी अभ्यासू. हसून हसून पोट दुखलं. संध्याकाळी मी धावणार आणि ती माझ्या फोनवरून एकेक पाठवणार— "लायब्ररीत आहे"!

१९ जुलै
धावले!! आजवरची सगळ्यात चांगली वेळ. सर म्हणाले, "पाय आहेत की चाकं?" त्याला काहीच कळलं नाही.

२१ जुलै
घड्याळ. माझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. दहाही फोटोंत सव्वा वाजलेला! इतका गाढवपणा कुणी करतं? लिहिताना हसू येतंय. डाव्या हाताने लिहितेय. त्याने सायकल स्टँडमागे नेलं, सगळे फोटो एकेक करून दाखवले आणि उजवा पिरगाळला. आईला सांगितलं, पडले.

२२ जुलै
आई दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. आज तिने हात उजेडात धरला. म्हणाली, "पडल्यावर बोटं उमटत नाहीत, बाळा." मी म्हटलं, "तो खूप प्रेम—" खूप रडले. मग तिला त्याचं नाव सांगितलं.