एका तासाची अंडी

ता. ९, रविवार

ताई,

पाया पडतो. दाजींना नमस्कार. चिमणीचा माझ्यातर्फे एक गालगुच्चा घे, रडली तर नाव माझं सांग. आईचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत. फोनमध्ये तुला मी जाडा दिसलो, पण ते मांस नव्हे, एकावर एक दोन स्वेटर आहेत.

फोनवर दाजी तुझ्या शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. कारखान्यातला आपल्याकडचा एकजण सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती देतोय.

मला बादल्यांवरून टबांवर टाकलंय. काम तेच. साच्यातून गरम टब निघाला की कडेचं जादा प्लास्टिक सुरीने तासायचं. टब मोठा, म्हणून सुपरवायझरचा आवाजही मोठा.

तुझा प्रश्न विसरलो नाही. येतो त्याच्यावर.

चहाच्या सुट्टीत आम्ही एक खेळ खेळतो. आम्ही देशोदेशीचे, प्रत्येकाचं नाणं वेगळं, मग पगार सांगून काय कळणार? म्हणून एकाच मापात सांगायचं, तुमच्याकडे कारखान्यात एक तास राबलं की किती अंडी येतात? माझ्या खोलीतला उंच गडी, त्याला आम्ही लांबू म्हणतो, तो म्हणाला सात. मी तुझ्या शिलाईच्या कारखान्याचा हिशोब करून म्हटलं दहा. इथे तीस! मी छाती फुगवून बसलो, जशी काही मीच घातली.

आमच्या लाइनवर एक मावशी आहेत, वीस वर्षं इथेच. त्या म्हणाल्या, "पोरा, अंडी खाऊन झोपणार कुठे? आता खोलीचं सांग."

खोलीचं सांगताना माझी छाती बसली. चौघांत एक खोली, त्यातल्या माझ्या एका खाटेला अर्धा पगार जातो. तुमच्या दोन खोल्यांचं भाडं दाजी आठवड्याभरात कमावतात. केस कापायला इथे दीड तास राबावं लागतं, म्हणून माझे लांबू कापतो. डावा कान जरा जास्तच उघडा पडलाय. दाढ दुखली तेव्हा डॉक्टरचा आकडा ऐकूनच निम्मी थांबली.

ताई, तुम्ही सगळे माझ्या पगाराला गुणता आणि खूश होता. भाड्यालाही गुणत जा.

तरी मी रडगाणं गात नाहीये. उरतं थोडं, पण उरतं. आणि मशीनवर साचा बसवणारा जो सेटर असतो ना, त्याच्या तासाला साठ अंडी! मी रोज त्याच्या मागेमागे असतो. आधी हाकलायचा. परवा पाना माझ्या हातात देऊन म्हणाला, "आवळ. तुटला तर तुला विकून भरून घेईन." तुटला नाही.

आता तुझा प्रश्न. एजंटला महिनाअखेर उत्तर हवंय, दाजींनी तिकडची नोकरी सोडून इथे हेल्परकीला यावं का.

मी दोन पानं फिरवलं तुला. कारण ते आले तर खोलीत बाजूची खाट त्यांची होईल. जेवताना कुणीतरी बोलेल. इथे आम्ही चौघं चार भाषांत गप्प जेवतो. एजंटने मला विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण तू विचारलंयस.

येऊ देऊ नकोस. अशा कामाला तरी नको. त्यांच्या कारखान्यातही हेच मशीन आहे, आणि तिथला म्हातारा सेटर त्यांना "शीक, शीक" म्हणून मागे लागलाय. तेच टाळाटाळ करतात, साचा अंगावर पडेल म्हणून. त्यांना म्हणावं, शिका. घरचं जेवून, पोरीला कडेवर घेऊन शिका. मी इकडे शिकतोय, बघू आधी कोण सेटर होतो. मग यायचं तर सेटर म्हणून ऐटीत या, नाहीतर मीच तिकडे येतो.

रागावतील. पत्र वाचायला दे, आणि सांग की नको म्हणणाऱ्यालाच ते इथे सगळ्यात जास्त हवे होते.

तुझा,
धाकटा